सायकलवरून गेलेलं लायसन्स

मोटार ठोकून लायसन्स घालवणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, त्यात काही विशेष नाही. मी माझं मोटारीचं लायसन्स सायकल चालवून घालवलं, आणि तेही जबाबदार नागरिक म्हणून. जर्मनीतल्या फ्रँकोनियात, माइन नदीकाठच्या आमच्या गावात पिऊन मोटार चालवणाऱ्याला लोक नावं ठेवतात, आणि मोटार घरी ठेवून सायकलने पिऊन येणाऱ्याला म्हणतात, बघा, याला म्हणतात अक्कल. तर असा मी अक्कलवान, बुर्कार्ड एंड्रेस, निवृत्त धुराडेवाला.

चाळीस वर्षं मी काळा कोट घालून लोकांच्या छपरांवर चढलो आणि धुराडी साफ केली. धुराडेवाला दिसणं आमच्याकडे शुभ. लोक कोटाच्या बटणाला हात लावतात, वर्ष चांगलं जाणार म्हणतात, आणि घरात बोलावून पेला पुढे करतात. नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्या वर्षाचं वाटोळं करायचं. माझ्यामुळे कुणाचं असं वाईट व्हायला नको म्हणून मी घेत गेलो. शिवाय आमच्याकडे वाइनला कुणी दारू म्हणत नाही. दारू म्हणजे ती उत्तरेकडचे लोक पितात ती. वाइन हे जेवण आहे. एवढं जेवून चाळीस वर्षांत मी छपरावरून एकदाही पडलो नाही, हे वाक्य मी गावात इतक्या वेळा ऐकवलंय की मला येताना पाहून पोरं ते आधीच म्हणून टाकायची.

निवृत्त झाल्यावर मी गावची बस चालवायला घेतली. बस म्हणजे आठ जणांची पांढरी गाडी. गावात ना दुकान राहिलंय, ना डॉक्टर, म्हणून जिल्ह्याच्या कचेरीने ती दिलीय. चालवणाऱ्याने फुकट चालवायची आणि बसायला सगळ्या म्हाताऱ्या. कुणाचा गुडघा, कुणाचा डोळा, कुणाची बँक. त्यांना घेऊन शहरात जायचं, त्यांची कामं होईपर्यंत थांबायचं आणि भांडणं ऐकत परत आणायचं. खरं सांगतो, चाळीस वर्षांत लोकांनी माझ्या बटणाला हात लावला असेल, पण मी आलो म्हणून कुणाचा चेहरा फुलला तो या बसमुळे. ही गाडी माझ्या जिवाचा तुकडा होती.

त्या जूनमध्ये अग्निशामक दलाचा उत्सव रविवारी होता. चर्च सुटलं की लोक सरळ मांडवात. एरवी माझी बायको ट्राउडल बरोबर असते आणि येताना तीच गाडी चालवते. पण ती बहिणीकडे गेली होती, म्हणून मी सायकल काढली. दुपारी परत निघालो. द्राक्षमळ्यांमधला रस्ता, ऊन पडलेलं, मी खुशीत, आणि समोरून पोलिसांची गाडी आली.

शहाणा माणूस अशा वेळी खाली बघून गप निघून जातो. मी दोन्ही हात सोडले, टोपी काढली आणि नमस्कार केला.

गाडी थांबली. पोरगा उतरला, मिसरूड फुटलेला.

"काय घेतलंय तुम्ही?"

"जेवलोय."

"फुंका यात."

फुंकलं. त्याने आकडा पाहिला, मला पाहिलं, परत आकडा पाहिला. "रक्तात हजारी एक पूर्णांक सात. तुम्हाला उभं राहता येतंय?"

हा प्रश्न मला अपमानास्पद वाटला. मी म्हणालो, "एका पायावर राहून दाखवू?" आणि राहिलो. नुसता राहिलो नाही, तर टोपी हवेत उडवून झेलली. पोराने ते सगळं लिहून घेतलं. नंतर इस्पितळात रक्त घेतलं, तिथल्या डॉक्टरनेही लिहिलं: बोलणं स्पष्ट, चाल स्थिर. माझी छाती फुगली. शाळेतसुद्धा मला कुणी इतका चांगला शेरा दिला नव्हता.

मग कचेरीचं पत्र आलं. दंड तर झालाच होता. वर, इतकी दारू अंगात घेऊन सायकलवर सापडला तरी माणूस मोटार चालवायला लायक आहे का ते तपासावं लागतं, असा आमच्याकडचा कायदा. डॉक्टर तपासतात, मग मानसशास्त्रज्ञ तपासतात. लोक त्याला मूर्खांची परीक्षा म्हणतात. मी हसलो. मूर्खांची परीक्षा मला काय अवघड?

तयारी करून घेतली राइनहोल्डने. आमचं गुत्त्यातलं टेबल ठरलेलं आहे आणि त्या टेबलावर राइनहोल्डचा शब्द शेवटचा.

"मी ही परीक्षा दोनदा पास झालोय," तो म्हणाला. पास होण्याची वेळ माणसावर दोनदा का येते, हे टेबलावर कुणीच विचारलं नाही. मीही नाही. "तिथे दुःख दाखवायचं. वडील गेले, म्हणून प्यायलो, असं सांग."

"माझे वडील मी शाळेत असताना गेले."

"मग दुःख उशिरा झालं म्हण. आणि किती पितोस विचारलं, तर समारंभाला एखाद-दुसरा पेला. त्यापुढे जायचं नाही."

परीक्षेला समोर एक बाई होत्या, डॉक्टर ओटरबाख. चष्मा लावलेल्या, आवाज मऊ. मला वाटलं, ही तर बोलता बोलता खिशात जाईल.

"किती पिता?"

"समारंभाला एखाद-दुसरा पेला."

"आणि त्या रविवारी?"

"दोन. फार तर तीन."

"एंड्रेस, तीन पेल्यांत एक पूर्णांक सात होत नाही. ज्याला सवय नाही असा माणूस एवढं चढल्यावर सायकलवर बसू शकत नाही. तो टेबलाखाली असतो."

"तेच तर सांगतोय!" मी उत्साहाने पुढे सरकलो. "मी छपरावरून चाळीस वर्षांत..."

"पोलिसांना तुम्ही एका पायावर उभं राहून दाखवलंत. का?"

"मला पचते, हे कळावं म्हणून."

"कळलं," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. माझ्या फुशारकीने माझाच गळा धरला होता, हे बाईंना कळलं होतं, मला नव्हतं. काहीतरी बिघडतंय एवढं मात्र जाणवलं, म्हणून मी घाईघाईने वडील काढले.

"वडील गेले, त्याचं दुःख."

"कधी गेले?"

"मी शाळेत होतो."

"म्हणजे शाळेत असल्यापासून पिता?"

यावर काय बोलायचं ते राइनहोल्डने सांगितलं नव्हतं.

निकाल आला: आज लायक नाही, पण सुधारणेचा कोर्स पुरा केला तर होऊ शकेल. कोर्स घेणाऱ्याने सही केली, की लायसन्स परत. लायसन्स कचेरीत नेऊन दिलं आणि बस अग्निशामक दलाच्या दारात उभी राहिली. बाकीचे चालवणारे? तरुण पोरं कारखान्यात कामाला जातात. राइनहोल्डचं नाव कुणी काढलं नाही. सरपंचांनी ट्राउडलला विचारलं, तर ती म्हणाली, "मी नाही चालवणार." कारण सांगितलं नाही. मी म्हणालो, बायकांना मोठ्या गाडीची भीती वाटते.

जिल्ह्याच्या कचेरीने कळवलं, ईस्टरपर्यंत चालवणारा मिळाला नाही तर बस पलीकडच्या काठावरच्या गावाला. पलीकडच्या गावाला! ज्यांच्या वाइनने दात आंबतात त्यांना आमची बस!

क्रेसेंझ म्हातारी आमच्या शेजारी राहते. नव्वदीला आलीय, पण जीभ जोरात चालते. फाटकात गाठून म्हणाली, "मेल्या, सायकलवर सापडलास? निदान मोटारीत सापडला असतास तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. माझ्या डोळ्याच्या डॉक्टरकडे आता मी काय पोहत जाऊ?"

"ईस्टरच्या आत लायसन्स आणतो."

"आण. नाहीतर तुझं धुराडं मी साफ करीन."

कोर्स जिल्ह्याच्या गावी होता. ट्राउडल सोडायला यायची आणि न्यायला यायची. आम्ही चौघं होतो: मी, एक दातांचे डॉक्टर, एक कौलं घालणारा तरुण आणि एक निवृत्त न्यायालयीन कारकून. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली हकिगत सांगितली आणि असं निष्पन्न झालं, की दारू कुणीच पीत नाही. सगळे परिस्थितीचे बळी. दातांच्या डॉक्टरांना तर घात झाला असंच वाटत होतं.

शिकवायला टोर्बेन नावाचा माणूस. समुद्राकडचा, लांब, किडकिडीत, थर्मासमधून चहा ओतून पिणारा. फ्रँकोनियाच्या माणसाला पिण्याविषयी शिकवायला चहावाला आणला, यावर मी पहिले दोन वर्ग विनोद करत काढले. तो हसायचासुद्धा. त्यामुळे मला वाटलं, याला पटवला.

तिसऱ्या वर्गाला त्याने घरचा अभ्यास दिला. "जिथे तुम्ही नेहमी पिता, तिथे एकदा कोरडे बसून या. शेवटपर्यंत. आणि तुम्हाला काय वाटलं ते मला सांगू नका, ते तुम्ही छान सांगता. काय दिसलं ते सांगा. ज्याला काहीच दिसलं नाही त्याच्या कागदावर माझी सही होणार नाही."

दातांचे डॉक्टर म्हणाले, "हा छळ आहे." मला मनातून पटलं.

मी फाशिंगचा रविवार निवडला. त्या दिवशी दुपारपासून चर्चच्या सभागृहात सगळं गाव सोंगं घेऊन नाचतं. मी दरवर्षी बिशप असतो, पुठ्ठ्याची उंच टोपी घालून. ट्राउडल दरवर्षी मांजर, म्हणजे केसांच्या पट्ट्यावर दोन कान. तेवढंच. मला नेहमी वाटायचं, हिला हौस नाही.

बसलो. समोर बुडबुड्यांचं पाणी. राइनहोल्डने त्याकडे असं पाहिलं जसं काही मी ताटात मेलेला उंदीर घेऊन बसलोय. पहिला तास बरा गेला. मग मला दिसायला लागलं. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, आळीपाळीने ओरडतात. राइनहोल्डने एक विनोद सांगितला, छपरावरून पडणाऱ्या धुराडेवाल्याचा. सगळे हसले. थोड्या वेळाने त्याने तोच सांगितला. सगळे हसले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा विनोद माझा आहे. दरवर्षी मी सांगतो. आज मी गप्प म्हणून त्याने उचललाय. आणि इतकी वर्षं लोक पुन्हा पुन्हा हसायचे ते माझ्या सांगण्याच्या कलेमुळे नव्हे, आधी सांगितलेला विसरले म्हणून हसायचे. मला घाम फुटला. टोपी काढून वारा घेतला.

शेजारी ट्राउडल होती, तिच्याही पुढे पाणी. मी म्हणालो, "मी आज असाही कोरडा आहे. तू घे एक शोपन वाइन. गाडी इथेच राहू दे, चालत जाऊ."

ती माझ्याकडे वळली. "खरंच?"

"घे ना."

"नक्की? मग मागाहून म्हणशील, चल, गाडी काढ..."

"माझ्याकडे लायसन्स आहे का म्हणायला?"

तिने पेला घेतला. घोट घेऊन डोळे मिटले. ट्राउडल मळेवाल्याची मुलगी, द्राक्षांच्या तोडणीत वाढलेली. तिला वाइन आवडते हे मला माहीत होतं, जसं मला माहीत आहे की आल्प्स पर्वत आहे. बघितलं मात्र कधी नव्हतं. दुसरा पेला तिने स्वतः मागवला. मग बँडमधल्या तुतारीवाल्याला ओढून नाचायला घेऊन गेली. मग गाणं म्हटलं, तोडणीवाल्या बायकांचं. पहिली तीन कडवी मी सांगू शकतो. चौथं ऐकून पाद्रीबाबा पाणी आणायला म्हणून उठून गेले. अख्खं सभागृह टेबलं बडवत होतं. मांजराचे कान एका बाजूला कलले होते आणि माझ्या बायकोचे गाल लाल. मी तिच्याकडे बघत राहिलो. असं वाटलं की हिला मी कुठेतरी पाहिलंय, फार पूर्वी.

संध्याकाळी मळ्यांमधून चालत निघालो. थंडी होती, बर्फ कडेला साचलेला. ती माझ्या दंडाला धरून.

"मजा आली?" मी विचारलं.

"खूप."

"मग दरवेळी का नाही घेत तू?"

ती थांबली. "बुर्कार्ड, तू गाढव आहेस की सोंग करतोस?"

"सोंग बिशपचं आहे."

ती हसली. हसताना उचकी लागली. मला वाटलं, आज बायको खुशीत आहे, एक गोड विषय काढावा. म्हणालो, "ईस्टरला बस परत मिळाली, की सोमवारी पुन्हा येत जा हं शेजारी बसायला. तुझ्याशिवाय करमत नाही." कारण सोमवारच्या पहिल्या फेरीला ट्राउडल कायम माझ्या बाजूच्या सीटवर असायची, बाजारची टोपली मांडीवर घेऊन. मी मागच्या म्हाताऱ्यांना चिडवायचो, बघा, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून हिला नवऱ्याशिवाय चैन नाही.

ट्राउडलने माझा दंड सोडला.

"सोमवारी बाजार नसतो, बुर्कार्ड."

"अं?"

"शहरात सोमवारी बाजार भरत नाही. कधीच भरत नव्हता. मी रिकामी टोपली घेऊन यायचे आणि रिकामी घेऊन जायचे. तू एकदा तरी आत बघितलंस?"

"मग यायचीस कशाला?"

"रविवारी तू चर्च सुटल्यापासून बसायचास ते अंधार पडेपर्यंत. सोमवारी सकाळी तुझ्या अंगाला वास यायचा. आंघोळ करूनसुद्धा यायचा. आणि मागे सात म्हाताऱ्या." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझा हात हँडब्रेकवर असायचा. टोपलीखाली. शहर येईपर्यंत. नदीच्या वळणाला तर मी श्वास धरून बसायचे."

"बोलायचं होतंस मला!"

"बोलले. पहिल्याच वर्षी बोलले. तू काय म्हणालास आठवतंय?"

मला आठवत नव्हतं, पण ते काय असणार हे मला माहीत होतं. छपरावरून कधी पडलो नाही.

"सरपंचांनी बस चालव म्हटलं, तेव्हा नाही म्हणाले, कारण मला कंटाळा आलाय रे," ती म्हणाली. "तुझा नाही. सांभाळण्याचा." आणि ती रडायला लागली, मांजराचे कान डोक्यावर तसेच ठेवून. मी पुठ्ठ्याची टोपी हातात धरून समोर उभा. मला लाज वाटली. विनोद करून झटकता येईल अशी नव्हे. नदीच्या वळणावर ती गाडी, त्या म्हाताऱ्या, मी शीळ घालत चालवतोय, हे सगळं डोळ्यांपुढून हलेना. मी तिला जवळ घेतलं. तिच्या तोंडाला वाइनचा वास येत होता, आणि मला पहिल्यांदा कळलं, की तो समोरच्याला किती लगेच येतो.

पुढच्या वर्गात टोर्बेनने प्रत्येकाला विचारलं, काय दिसलं. माझी पाळी आली. मी राइनहोल्डच्या विनोदाची गोष्ट सांगितली, तीनदा सांगितलेला विनोद आणि माझा घाम. रंगवून सांगितली. कौलंवाला पोरगा डोळे पुसत हसला. टोर्बेनही हसला, "छान, दिसलं तुम्हाला," म्हणाला आणि कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.

तिथे गप्प बसायला हवं होतं. सही, लायसन्स, ईस्टर, बस, सगळं त्या टोपणापाशी आलेलं. सोमवारचं सांगितलं तर हा माणूस काय करेल, कुणास ठाऊक. आणि मी तर परीक्षेत वडिलांना पुन्हा मारणारा माणूस. पण तोंड माझं कधी माझ्या ताब्यात होतं?

"थांबा," मी म्हणालो. "अजून दिसलं."

सांगितलं. टोपली, हँडब्रेक, वळण. यात रंगवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लवकर संपलं. कुणी हसलं नाही. दातांचे डॉक्टर आपल्या बोटांकडे बघत होते.

टोर्बेनने चहाचा कप खाली ठेवला. "मी सही करतच होतो. मग हे का सांगितलंत?"

"ती गाडी परत माझ्या हातात येणार आहे म्हणून."

तो म्हणाला, "हे मला सांगून उपयोग नाही. मी त्या बसमध्ये बसत नाही. ज्या बसतात त्यांना सांगा." आणि सही केली.

लायसन्स ईस्टरच्या आधी हातात आलं. त्याच आठवड्यात अग्निशामक दलाच्या खोलीत बैठक झाली. सरपंच, म्हाताऱ्या, राइनहोल्ड आणि भिंतीला टेकून ट्राउडल. सरपंच खुशीत किल्ली पुढे करायला लागले. मी म्हणालो, "आधी ऐका." आणि उभ्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "दर शनिवारी संध्याकाळपासून सोमवारची फेरी संपेपर्यंत मी थेंब घेणार नाही. पण आता तुम्हाला माहीत आहे. नको असेन तर नको म्हणा. बस त्या गावाला जाईल, आणि ते माझ्यामुळे."

मला वाटलं, या बायकांच्या पायाखालची जमीन सरकली असणार.

क्रेसेंझने काठी आपटली. "झालं सांगून? मेल्या, आम्हाला काय नाकं नाहीत?"

"म्हणजे?"

"सोमवारी तुझ्या बसमध्ये चढलं की माझी सकाळची गोळी नुसत्या वासावर खाली उतरायची, पाणी लागायचं नाही."

म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. मी बावळटासारखा उभा. "माहीत होतं, मग चढायचात कशाला?"

"पुढे ट्राउडल बसलेली असायची ना," क्रेसेंझ म्हणाली. "तिच्या भरवशावर."

मी भिंतीकडे पाहिलं. ट्राउडल मान खाली घालून हातमोजे काढत होती, घालत होती. इतकी वर्षं मला वाटायचं बस मी चालवतोय.

किल्ली दिली त्यांनी. राइनहोल्ड दारात म्हणाला, "पाण्यावर किती दिवस काढशील रे?" मी म्हणालो, माहीत नाही. हे मी राइनहोल्डला दिलेलं पहिलं खरं उत्तर असावं.

पहिला रविवार कठीण गेला, खोटं कशाला बोलू? हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. ट्राउडलला अंगणातल्या बाकावर एक शोपन ओतून दिला आणि स्वतः कुंपणाचा तुटलेला दरवाजा दुरुस्त केला, जो मी गेली कित्येक वर्षं पुढच्या रविवारी करणार होतो. दरवाजा अजूनही नीट लागत नाही, पण ते वेगळं.

सोमवारी सकाळी बस फाटकात आणली. क्रेसेंझ काठी टेकत आली, पायरी चढली आणि बसायच्या आधी पुढची सीट बघितली. रिकामी. मग माझ्याकडे बघितलं. पाठोपाठ आलेल्या बाकीच्या दोघी पायरीवरच थबकल्या.

"ट्राउडल कुठाय?"

"येईल आता," मी म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं. घर दहा पावलांवर, पण उठून जायचं धाडस होईना. फोन लावला. बराच वेळ वाजला.

"ट्राउडल, गाडी उभी आहे गं. येत नाहीस?"

पलीकडून कूस बदलल्याचा आवाज आला. मग जांभई. आणि मग तिचा जड, अर्धवट झोपेतला आवाज, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढा.

"झोपू दे ना रे मला. सोमवार आहे."

फोन बंद झाला. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, मी उगाच काच पुसली. पायरीवरच्या दोघी आत आल्या. क्रेसेंझने पट्टा ओढून लावला, काठी पायांमध्ये धरली.

"मग चल की," ती म्हणाली.